दहा गुंठे पांढरी आणि ऑर्कनीची बेटं



परवा पुतण्या बांधावर आला आणि म्हणाला, "तात्या, पांढरीचा तो दहा गुंठ्यांचा उंचवटा आता सपाट करून टाकू. जेसीबीवाला तयार आहे, माती वीटभट्टीवाला उचलतोय. खर्च निघून वर चार पैसे राहतील, आणि वर्षाला तेवढीच केळी वाढेल." हिशेबात खोट नव्हती. तरी मी म्हटलं, जरा थांब. का थांब ते त्याला उभ्या उभ्या सांगता आलं नाही, म्हणून आज इथं लिहून काढतोय. तोही वाचतो हे पान.

नव्या पोरांसाठी सांगतो. आपल्याकडं काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. जुनं गाव उठून गेलं की तिथं उंचवटा राहतो. राख, शेण, घरांची माती, हाडं, चुना, सगळं शेकडो वर्षांचं साठलेलं. ती माती भुरकट पांढरी, हाताला पिठासारखी लागते. आमच्या घोड नदीच्या काठाला अशी टेकाडं बरीच होती. होती म्हणतो, कारण आम्हीच ती ट्रॉल्या भरभरून शेतात नेली. पांढरीची माती टाकली की ऊस काळाभोर येतो, हे आजोबांच्या वेळेपासून ठाऊक. त्यात गूढ काही नाही, स्फुरद आणि पालाश फुकटात मिळतं.

आता मूळ विषय. जुलै २०२४ मध्ये महिनाभर या पानावर शुकशुकाट होता. लेक आणि जावई स्कॉटलंडात ॲबर्डीनला असतात. आडसालीची लागण पोराच्या हवाली करून मी आणि आमची कारभारीण तिकडं गेलो होतो. लेकीनं पहिल्या आठवड्यात किल्ले दाखवले. एडिंबरोचा बघितला, लॉख नेसच्या काठावरचा अर्काट बघितला. किल्ले चांगले आहेत, पण किल्ले बघायला मला आपले सह्याद्रीतले पुरेत. तिसऱ्या किल्ल्यावर मी तिला म्हटलं, "बाई, राजेरजवाडे झाले. इथं शेतकरी कुठं राहत होते ते दाखव." ती हसली आणि म्हणाली, "अप्पा, मग ऑर्कनीला जाऊ."

ऑर्कनी म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्याही पुढची बेटं. इन्व्हर्नेसवरून गाडीनं वर वर जायचं, स्क्रॅब्स्टर बंदरात गाडीसकट बोटीत शिरायचं, दीड तासात पलीकडं स्ट्रॉमनेस. बोटीतून समुद्रात उभा एक सुळका दिसतो, ओल्ड मॅन ऑफ हॉय, उंची १३७ मीटर. हिनं त्याला हात जोडले. बेटावर उतरल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती ही की झाडं जवळजवळ नाहीतच. नुसता वारा, हिरवं गवत आणि काळी बिनशिंगी अँगस गुरं. रात्रीचे दहा वाजले तरी उजेड. मी घड्याळ दोनदा हलवून बघितलं.

दुसऱ्या दिवशी स्कारा ब्रे. नाव लक्षात ठेवा मंडळी, शेतकऱ्यानं बघावी अशी जागा आहे. १८५० साली मोठं वादळ झालं, समुद्रकाठच्या वाळूच्या टेकाडावरचं गवत उडालं आणि खाली दगडी घरं उघडी पडली. घरं पाच हजार वर्षांपूर्वीची. इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडांच्या आधीची. आठ घरं शिल्लक आहेत. आत उतरू देत नाहीत, वरच्या वाटेवरून खाली डोकावायचं. छप्पर नाही, त्यामुळं संसार सगळा उघडा दिसतो. मधोमध चौकोनी चूल, दोन्ही अंगाला दगडी फरशा उभ्या करून केलेले पलंग आणि दारासमोर दगडाची मांडणी. अहो, खरंच मांडणी! आपल्या जुन्या स्वयंपाकघरात पितळेची भांडी लावायला असते तशी, दोन खणांची. लाकूड मिळत नाही म्हणून सगळं फरशीचं, त्यामुळं तर ते टिकलं. हिनं बघितलं आणि म्हणाली, "दारातून आत आलेल्याला आधी भांडीच दिसली पाहिजेत, तेव्हाही तेच होतं म्हणायचं."

हे लोक शेतकरी होते. जव पिकवायचे, गुरं-मेंढरं पाळायचे, मासे धरायचे. पण माझं लक्ष भिंतींकडं होतं. त्या घरांच्या भोवती आणि भिंतींच्या मधे जे भरलंय ते साधी माती नाही, तो उकिरडा आहे. राख, हाडं, शिंपले, शेण, कुजका पालापाचोळा. वर्षानुवर्षं साठलेला उकिरडा घेतला आणि त्यात घरं बसवली. वारा लागत नाही, ऊब राहते, भिंतीला टेका मिळतो. लेक माहितीचा फलक वाचून मराठीत सांगत होती आणि तिला योग्य शब्द सापडेना. मी म्हटलं, "पांढरी म्हण. ही तर पांढरी आहे."

तिथंच पुढं सातवं घर आहे. ते जपण्यासाठी झाकून ठेवलंय, त्याची हुबेहूब नक्कल बाजूला बांधलीय, तिच्यात मात्र आत जाता येतं. त्या सातव्या घरात पलंगाच्या आणि भिंतीच्या खाली दोन बायका पुरलेल्या सापडल्या. लेकीनं हे सांगितलं आणि मी नकलेच्या त्या पलंगाजवळ थोडा वेळ तसाच उभा राहिलो. बाकीचे पुढं गेले.

कारण असं. साधारण पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी आणि दोन गडी आमच्या पांढरीत ट्रॉली भरत होतो. फावड्याला खणकन आवाज आला. दोन मडकी, आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली. लाल रंगाची, वर काळ्या रेघा. एक फुटलं, आत माती आणि बारीक काड्यांसारखी हाडं. आबा तेव्हा होते. ते जवळ आले आणि खाली बसले. आबांनी तरुणपणी इनामगावच्या उत्खननात एक हंगाम मजुरी केली होती. इनामगाव आमच्याच शिरूर तालुक्यातलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ तिथं खोदकाम केलं आणि तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव काढलं. लहान मूल गेलं की अशा दोन मडक्यांत ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरायचे, हे आबांनी तिथं डोळ्यांनी बघितलं होतं. ते म्हणाले, "लेकरू आहे रे. झाकून टाक. इथली माती नको."

ट्रॉली अर्धी भरली होती. डिझेल जळत होतं, गड्यांचा रोज चालू होता. आबा घरी गेले आणि मी ट्रॉली पूर्ण भरली. मडकी, हाडं, सगळं उसात गेलं. त्या साली त्या पट्ट्यात ऊस खरंच चांगला आला. आबा पुढं कधी काही बोलले नाहीत. त्या रानात नांगरट झाली की आजही लाल खापऱ्या वर येतात, काळ्या रेघांच्या.

हे मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं. लेकीला त्या दिवशी गाडीत सांगितलं. ती काही बोलली नाही. गाडी मात्र तिनं सावकाश चालवली.

दुपारी बर्सेच्या पाणचक्कीवर गेलो. १८७३ ची चक्की, अजून पाण्यावर चालते. तिथं बेअर नावाचा जव दळतात. जुनं देशी वाण, सहा ओळींचं कणीस, तिकडच्या छोट्या उन्हाळ्यात झटपट तयार होतं. त्याच्या पिठाची जाडसर भाकरी करतात, बॅनक म्हणतात तिला. काळसर, जराशी कडवट. सोबत मी पिशवीतला ठेचा काढला आणि तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तो चाखून जे तोंड केलं ते बघून हिला हसू आवरेना. इनामगावात सापडलेल्या धान्यातही मुख्य धान्य जवच होतं, हे मी त्याला लेकीकरवी सांगितलं. त्याला ते आवडलं.

त्याच म्हाताऱ्यानं मला जवळच्या मारविकच्या मातीबद्दल सांगितलं. कृषीवाल्या मित्रांनो, हे तुमच्यासाठी. तिथली जमीन मुळात पातळ. पण बाराव्या-तेराव्या शतकापासून पुढं कित्येक शतकं लोकांनी एकच काम केलं. डोंगरावरचं गवत मुळाच्या मातीसकट कापून आणायचं, गोठ्यात गुरांच्या पायाखाली अंथरायचं, शेणामुतानं ते भिजलं की समुद्रातलं शेवाळ मिसळून शेतात टाकायचं. असं करत करत गावाजवळच्या रानांत काही ठिकाणी पाऊण मीटरच्या आसपास माती चढली. माणसानं केलेली माती! आणि त्यापायी डोंगराचे पट्टे उघडे बोडके झाले, हेही तो म्हणाला. एका ठिकाणची सुपीकता म्हणजे दुसऱ्या ठिकाणाहून उचललेली. पुरातत्त्ववाले अशा जमिनीतलं स्फुरद तपासतात. माणूस-गुरं जिथं राहिली तिथं स्फुरद जास्त निघतं आणि ते शेकडो-हजारो वर्षं धुऊन जात नाही. आपण माती परीक्षणात जो आकडा खतासाठी बघतो, त्याच आकड्यावरून ते गाव कुठं होतं हे शोधतात.

तिसरा दिवस दगडांचा. दोन तळ्यांच्या मधे जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे, एक तळं गोड्या पाण्याचं, एक खारट. पट्टीच्या एका बाजूला स्टेनेसचे उभे दगड, दुसऱ्या बाजूला ब्रॉडगरचं रिंगण. रिंगण एकशे चार मीटर रुंद, सत्तावीस दगड उभे. रिंगणाबद्दल मी फार लिहीत नाही, त्याचे फोटो सगळीकडं सापडतील. स्टेनेसची गोष्ट सांगतो. तिथं एक आरपार भोक असलेला दगड होता, ओडिनचा दगड. पोरं-पोरी त्या भोकातून हात धरून शपथा घ्यायची, लग्नं ठरवायची. १८१४ च्या डिसेंबरात कॅप्टन मॅके नावाच्या बाहेरून आलेल्या कुळानं तो दगड फोडून टाकला. का, तर बघायला येणारी माणसं त्याचं रान तुडवत होती. शेजारचा एक उभा दगडही पाडला, एक फोडला. गावकरी इतके चिडले की त्याचं घर पेटवायचा दोनदा प्रयत्न झाला.

लेक म्हणाली, "केवढा मूर्ख माणूस." मी गप्प बसलो. माझ्या उभ्या पिकातून कुणी चारचाकी घातली तर माझंही डोकं फिरतं. आणि त्यानं एका रागात केलं, मी तर तीन-चार हंगाम शांतपणे करत होतो. माझ्या घराकडं मात्र पेटती काडी घेऊन कुणी आलं नाही. आले ते माती मागायला.

या दोन्हींच्या मधे नेस ऑफ ब्रॉडगर. ही जागा नांगरामुळं सापडली. २००३ च्या वसंतात तिथल्या शेतात नांगर चालू होता आणि फाळाला लागून खाचा पाडलेली मोठी फरशी वर आली. शेतमालकानं ती बाजूला फेकली असती तर तिथंच विषय संपला असता. तिथून खोदकाम सुरू झालं. हिरव्यागार गवताच्या साध्या शेताखाली पाच हजार वर्षांपूर्वीच्या दगडी इमारती, एकावर एक, एकाला एक लागून. भोवती जाड भिंत. काही दगडांवर रंगसुद्धा. एका प्रचंड इमारतीचा शेवट करताना शेकडो गुरं कापून जेवणावळ घातली असावी, एवढी हाडं निघाली. आणि पट्टीच्या एका टोकाला उकिरड्याचा डोंगराएवढा ढीग. खोदणाऱ्यांना वाटतं की तो मुद्दाम रचला असावा, आम्ही किती धान्य-गुरं बाळगून आहोत हे लांबून दिसावं म्हणून. मला ते लगेच पटलं. आमच्याकडंही सोयरीक बघायला येणारा माणूस आधी उकिरडा बघायचा. उकिरडा मोठा म्हणजे गुरं जास्त, म्हणजे पोरगी दिल्या घरी उपाशी राहणार नाही.

आम्ही गेलो ते खोदकामाचं शेवटचं वर्ष होतं. कठड्यावर उभं राहून बघता येत होतं. खाली पोरं-पोरी गुडघे टेकून, हातात गवंड्याच्या थापीसारखी छोटी थापी घेऊन एक एक चमचा माती काढत होती. आमच्याकडं भांगलण करणाऱ्या बायका बसतात तशाच ओळीत. एक बाई सुटीला वर आल्या, त्यांच्याशी बोललो. मी विचारलं, पुढच्या वर्षी काय? त्या म्हणाल्या, झाकणार. सगळं. मला वाटलं लेकीनं भाषांतर चुकवलं. पुन्हा विचारलं. नाही, खरंच झाकणार होते. तिथला दगड थरांचा आहे, उघडा राहिला की पाऊस-वाऱ्यानं त्याचे पापुद्रे सुटतात. वीस वर्षं खोदलं, मोजलं, लिहून ठेवलं, आता पुन्हा माती लोटून वर गवत. त्याच वर्षी ऑगस्टात काम थांबलं आणि झाकायला घेतलं. आज तिथं कुणी गेलं तर फक्त शेत दिसेल.

त्या बाईंना मी मडक्याचं सांगावं का नको, यात पाच मिनिटं गेली. शेवटी सांगितलं. लेक भाषांतर करताना मधे एकदा थांबली. बाईंनी ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, "काही शिल्लक आहे का अजून तिथं?"

मी म्हटलं, दहा गुंठे.

त्यावर त्यांनी जे सांगितलं ते असं. पिकाची मुळं वरच्या वीतभर मातीत राहिली तर खालचं फारसं बिघडत नाही. वाट लागते ती खोल नांगरटीनं, सपाटीकरणानं आणि उपसण्यानं. तिकडं अशा बऱ्याच जागांवर कायमचं गवत ठेवतात, गुरं-मेंढरं चारतात.

परत निघायच्या दिवशी साउथ रोनाल्डसेला जायचं होतं. रॉनी सिमिसन नावाच्या शेतकऱ्याला १९५८ साली स्वतःच्या रानात दगड काढताना एक जुनी कबर सापडली. त्यानं ती तशीच झाकून ठेवली आणि अठरा वर्षांनी, १९७६ मध्ये, स्वतःच हातानं नीट उघडली. आत माणसांची हजारो हाडं आणि त्यांच्याबरोबर समुद्री गरुडांची नखं-हाडं. म्हणून तिला गरुडांची कबर म्हणतात. पुढं त्याच्या घरच्यांनी ती लोकांना दाखवायला सुरुवात केली. ढकलगाडीवर उताणं झोपून, दोरीला धरून स्वतःला ओढत आत जायचं अशी सोय होती. आम्ही गेलो तेव्हा ते बंद होतं, त्यामुळं बघायला मिळालं नाही. त्या अठरा वर्षांत तो माणूस रोज त्या रानात काम करत असेल, खाली काय आहे ते ठाऊक असून. हे मात्र डोक्यातून गेलं नाही.

असो. तर पुतण्या, तुला थांब का म्हटलं ते हे.

दहा गुंठ्यांत निम्मा हिस्सा तुझा आहे, तो मी नाकारत नाही. केळीचं नुकसान होईल हेही खरं. वीटभट्टीवाल्यानं जो आकडा सांगितलाय त्यातला तुझा वाटा मी पुढच्या उसाच्या बिलातून देतो, हे लिहून देतोय, चारजण वाचतायत. डेक्कन कॉलेजला खापऱ्यांचे आणि उंचवट्याचे फोटो पाठवलेत, तिथले लोक येऊन बघतील तेव्हा बघतील. तोवर जेसीबी नको.

नुसतं पडीक ठेवायचं म्हटलं तर वेड्या बाभळी माजतील आणि त्यांची मुळं सगळ्यात वाईट. म्हणून डोक्यात असं आहे की नांगर न घालता, वरवर खुरपून, तिथं चाऱ्याचं गवत लावावं. शेळ्या आहेतच. मारवेल लावावं की पवना, यावर आमच्या दोघांत एकमत नाही. कृषी विद्यापीठातल्या मित्रांनी सांगावं: हलक्या, चुनखडीच्या, भुसभुशीत जागेत, ठिबकच्या एका नळीवर, यातल्या कुणाची मुळं जास्त वर राहतात? पाऊस सुरू व्हायच्या आत ठोंब लावायचेत.